मी ठीक आहे

दिगंबर पांचाळांनी आयुष्यात एकच चोरी केली, आणि तीही पावलांची.

कराडच्या सोमवार पेठेत त्यांचं पेटी दुरुस्तीचं दुकान होतं. आसपासच्या पन्नास गावांतल्या भजनी मंडळांच्या हार्मोनियम त्यांच्याकडे यायच्या. भाता फाटला, पट्टी बसली, उंदरानं आतलं कातडं खाल्लं, सूर चढला किंवा उतरला, की लोक म्हणायचे, ‘अण्णांकडं टाका.’ अण्णा सकाळी आठला मांडी घालून बसले की जेवायलाच उठत, आणि जेवून बसले की दिवेलागणीला. माणसानं चालायला पाहिजे हे त्यांना पटत नव्हतं असं नाही. पण पटणं वेगळं आणि उठणं वेगळं.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या छातीत कळ आली. साताऱ्याला नेऊन एक स्टेंट बसवला आणि त्या दिवसापासून अण्णांचं हृदय ही सार्वजनिक मालमत्ता झाली. शेजारी येता-जाता चौकशी करायचे. हैदराबादला नोकरी करणारी एकुलती एक मुलगी, ऋतुजा, रोज संध्याकाळी फोन करून विचारायची. त्यांची बायको नंदा भाजीत मीठ टाकताना चिमूट दोनदा झटकायची. नंदाच्या हृदयाबद्दल मात्र कुणी कधी काही विचारलं नाही. ते चालू आहे हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं, आणि त्यात अण्णाही आले.

मागच्या दिवाळीला ऋतुजा मनगटी घेऊन आली. बोटभर रुंदीचा काळा पट्टा, वर इवलासा पडदा, आतल्या बाजूला लुकलुकणारा हिरवा दिवा. रक्त हिरवा उजेड शोषून घेतं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला मनगटात रक्ताचा लोट येतो, तेवढ्यापुरता परत येणारा उजेड कमी होतो, आणि हे कमी-जास्त मोजलं की नाडी मिळते. एवढं तर जुन्या घड्याळांनाही जमायचं. या मनगटीत त्यापुढचा एक यांत्रिक शिकवणारा बसवला होता. तो दोन ठोक्यांमधलं अंतर सेकंदाच्या हजाराव्या हिश्शापर्यंत बघायचा, झोप, चाल आणि दम यांचा मेळ घालायचा आणि मग शुद्ध मराठीत बोलायचा, “दिगंबरराव, आज अजून चार हजार पावलं बाकी आहेत. उठू या का?”

“हा कोण मास्तर आणून बसवलास माझ्या उरावर?” अण्णा म्हणाले. तेव्हापासून त्याचं नाव मास्तर पडलं.

मनगटी चालू करताना मास्तरनं सतरा परवानग्या मागितल्या. ऋतुजा शेजारी बसून एकेक वाचत होती. “पप्पा, हा जे विचारेल त्याला आधी नाही म्हणायचं. लागेल तेवढंच नंतर हो. आपल्या शरीरातलं काय काय कुणाकुणाच्या हातात जातं, कळत पण नाही आपल्याला.”

ती उगीच घाबरवत नव्हती. चार-पाच वर्षांपूर्वी कुठल्याशा कंपनीनं लाखो लोकांच्या नाडीच्या नोंदी विमा कंपन्यांना विकल्याचं उघडकीला आलं होतं आणि मोठा गहजब झाला होता. त्यानंतर कायदा कडक झाला. प्रत्येक माणसाची नाडी त्याच्या आवाजासारखी वेगळी असते, तिला स्वतःची घडण असते, त्यामुळे पट्टा कुणाच्या हातात आहे हे यंत्राला सहज ओळखता येतं. पण कायद्यानं सांगितलं, स्पष्ट परवानगी असल्याशिवाय ओळखायचं नाही. ज्याच्या नावावर मनगटी, त्याचीच ती नाडी असं धरून चालायचं. हे शहाणपणाचंच होतं. उद्या पाहुण्यांच्या मुलीनं गंमत म्हणून पट्टा घातला आणि तिला दिवस गेल्याचं तिच्या आईच्या आधी कंपनीला कळलं तर?

शेवटी दोनच गोष्टींना हो म्हटलं गेलं. अण्णांची पावलं आणि नाडी ऋतुजाच्या फोनवर दिसायची. आणि नाडीत काही भलतंच दिसलं तर मास्तर आधी अण्णांच्या फोनवर विचारणार, एका मिनिटात उत्तर आलं नाही तर रुग्णवाहिका बोलावणार आणि ऋतुजाला कळवणार.

तीन महिने अण्णा कुरकुरत चालले. मग माघ उजाडला, गावोगावच्या यात्रा सुरू झाल्या आणि दुकानात पेट्यांची रांग लागली. अण्णांची मांडी सुटेना. एका संध्याकाळी ऋतुजाचा फोन आला तो रडतच. “पप्पा, आठशे पावलं? दिवसभरात आठशे? मी इथं कामात लक्ष कसं घालायचं सांगा.”

फोन ठेवल्यावर अण्णा ओशाळून बसून राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी नंदा पिशवी घेऊन दुकानाच्या दारात उभी राहिली. “द्या ते इकडं.”

“काय?”

“ते मनगटी का काय ते. मी चाललेच आहे मंडईत. तिथनं बँकेत, बँकेतनं नणंदेकडं. पोरीला पावलं पायजेत ना? माझी घ्या.”

“आणि कळलं म्हणजे?”

“कोण सांगणार? मी सांगतेय, का तुम्ही?” तिनं हात पुढं केला. अण्णांनी तिच्या हिरव्या बांगड्या वर सरकवून पट्टा बांधला. लग्नानंतर पहिल्यांदाच आपण हिच्या हातात काहीतरी घालतोय असं त्यांना वाटलं आणि ते स्वतःशीच हसले.

संध्याकाळी ऋतुजाचा आवाज नुसता फुलला होता. “पप्पा, सहा हजार दोनशे! बघा, मनात आणलं तर जमतं की नाही?” नंदा स्वयंपाकघराच्या दारात तोंडाला पदर लावून हसत होती. अण्णांना जरा लाज वाटली, पण ती जेवण होईपर्यंतच टिकली.

मग ते रोजचंच झालं. सकाळी अण्णा पट्टा तिच्या हातात बांधायचे, संध्याकाळी काढून आपल्या हातात घालायचे. नंदाला आधी तो खेळ वाटला, पण हळूहळू तिला त्याची गोडी लागली. मंडई झाली तरी ती थेट घरी येईना. कृष्णेच्या घाटावर जायची, प्रीतिसंगमाच्या बागेत दोन फेऱ्या मारायची, नदीकडे तोंड केलेल्या एका बाकड्यावर बसायची. चपला नव्या घेतल्या. साडी बोटभर वर खोचायला लागली. मास्तर तिच्या मनगटावरून बोलायचा आणि ती घरी येऊन अण्णांना नकला करून दाखवायची.

“दिगंबरराव, आज चढावर तुमचा वेग छान होता,” ती छाती काढून मास्तरच्या आवाजात म्हणायची. “ऐकलं का? तुमचा वेग लई छान हाय म्हणं.”

संसाराच्या छत्तीस वर्षांत ती उभीच होती. चुलीपासून गॅसपर्यंत, नळापासून पाण्याच्या मोटारीपर्यंत, सासूच्या आजारपणापासून पोरीच्या परीक्षांपर्यंत. त्या पावलांना शाबासकी अशी कुणी दिलीच नव्हती. आता रोज मिळत होती, फक्त नवऱ्याच्या नावानं. तिला त्याचंही काही वाटत नव्हतं.

एकदा ती शेंगा सोलता सोलता म्हणाली, “काय काय विचारत असतो बाई तो. घाट चढून बसले की म्हणतो, दम लागतोय का? चक्कर येतीय का? छातीत जड वाटतंय का? आणि खाली हो आणि नाही.”

“मग तू काय करतेस?”

“नाही दाबते. तुम्हाला कुठं येतीय चक्कर?”

दोघंही हसले. अण्णांना तर तिच्या हुशारीचं कौतुक वाटलं. त्या हसण्याची आठवण पुढं त्यांना जेवू देणार नव्हती.

मे महिन्यात एका दुपारी त्यांचा फोन वाजला. मास्तर म्हणाला, “दिगंबरराव, दिवसाची तुमची नाडी आणि रात्रीची नाडी यांत मला फरक जाणवतो. ही मनगटी आणखी कोणी वापरतं का? मला ओळखायची परवानगी दिलीत तर दोघांकडेही नीट लक्ष देता येईल.” खाली दोन चौकोन होते, हो आणि नाही.

अण्णांच्या हातात कानस होती. हो म्हटलं तर ते ऋतुजाच्या फोनवर दिसणार, चार महिन्यांची सगळी पावलं उलगडणार, आणि पोरीपुढं तोंड दाखवायला जागा राहणार नाही. शिवाय तिनंच सांगितलं होतं की आधी नाही म्हणायचं. आपल्या घरातलं कुठलं मनगट कुणाचं हे कंपनीला कशाला हवं? त्यांनी नाही दाबलं.

“ठीक आहे,” मास्तर अदबीनं म्हणाला. “तुमच्या खासगीपणाचा मान राखतो. हा प्रश्न मी पुन्हा विचारणार नाही.” आणि तो दिल्या शब्दाला जागला.

अण्णांच्या कानाची तालुक्यात ख्याती होती. पेटीत एकाच सुराच्या दोन पितळी पट्ट्या असतात. दोन्ही अगदी एकसारख्या लागल्या तर आवाज सरळ येतो. त्यात केसभर फरक राहिला की आवाज डुलायला लागतो, त्याला ते लाट म्हणायचे. पितळेचं टोक खरवडलं की सूर चढतो, बुडाशी खरवडलं की उतरतो, आणि लाट मोडेपर्यंत ते करत राहायचं. यंत्रं आली, कुणीही फोनवर सूर मोजायला लागलं, तरी दहा सेकंदांत एकदाच येणारी लाट अण्णांना यंत्राच्या आधी ऐकू यायची. आणि रोज संध्याकाळी पट्टा काढताना त्यांचा अंगठा नंदाच्या मनगटावर, अगदी नाडीवर टेकायचा. एक क्षणभर थांबले असते तर कळलं असतं. पण दिवसभराची पेटी डोक्यात वाजत असायची, आणि बायकोचं मनगट ऐकायची गोष्ट आहे हे त्यांच्या कधी मनातच आलं नाही.

आषाढ संपता संपता मास्तर घाबरला. नाडी मधेच चुकतेय, दोन ठोके लागोपाठ पडतायत, डॉक्टरांना दाखवा, असा निरोप अण्णांच्या आणि ऋतुजाच्या फोनवर एकदमच आला. ऋतुजानं तिकडूनच डॉक्टर फडतऱ्यांची वेळ घेतली. अण्णा आणि नंदा दवाखान्यात गेले. ऋतुजा फोनच्या पडद्यावर हजर होती.

डॉक्टरांनी ईसीजी काढला. मग एक दिवसभर छातीला यंत्र लावून पाठवलं. दुसऱ्या दिवशी कागद बघून म्हणाले, “अण्णा, ठणठणीत आहात. एक ठोका इकडचा तिकडं नाही. मनगटी घट्ट बांधता ना?”

“बांधतो की.”

“दुसरं कुणी घालत नाही ना?”

अण्णांनी पडद्यावरच्या ऋतुजाकडे बघितलं. तिचे डोळे जागरणानं लाल झाले होते. “छे,” ते म्हणाले. “दुसरं कोण घालणार?” शेजारी बसलेली नंदा पायाच्या अंगठ्यानं फरशी टोकरत होती.

“मग यंत्रच चुकलं म्हणायचं. स्टेंटवाल्या माणसांच्या बाबतीत ही यंत्रं जरा जास्तच घाबरट असतात,” डॉक्टर हसून म्हणाले. “पुन्हा इशारा आला आणि तुम्हाला बरं वाटत असलं तर सरळ ‘मी ठीक आहे’ दाबा. उगाच रुग्णवाहिका दारात नको.”

दोघं रिक्षानं घरी निघाली. दत्त चौक गेल्यावर नंदा हळूच म्हणाली, “अहो, मग ते माझं असेल का हो?”

अण्णा तिच्याकडे वळले. “तुला काही होतंय का?”

“होत काही नाही. घाट चढताना मधनंमधनं धडधडतं जरा. वयच झालं की.”

“दाखवू या. पण आता लगेच दाखवायचं म्हणजे डॉक्टरला सगळं सांगावं लागेल, डॉक्टर ऋतुजाला सांगेल…” अण्णा घुटमळले. “गणपती होऊ देत. पेट्यांचा रेटा कमी झाला की साताऱ्याला जाऊन गुपचूप दाखवून येऊ. तोवर तू चालायचं बंद कर.”

“चालल्याशिवाय पोरीला पावलं कुठनं द्यायची? आत्ता कुठं तिच्या जिवाला बरं वाटतंय.” मग तीच त्यांची समजूत काढत म्हणाली, “गणपती काय, महिन्यावर आलेत. काही होत नाही मला.”

त्या महिन्यात चार वेळा इशारा आला. चारही वेळा अण्णांनी फोनवर ‘मी ठीक आहे’ दाबलं. संध्याकाळी ते तिला विचारायचे, “आज काही झालं का गं?” ती म्हणायची, “काही नाही.” आणि खरंच ती दारात उभी असायची, हसत, कोथिंबिरीची जुडी घेऊन.

गणपतीला चार दिवस होते. तांबव्याच्या भजनी मंडळाची पेटी दुपारपर्यंत द्यायची होती आणि तिच्यातला एक पंचम काही केल्या सरळ लागत नव्हता. पट्ट्या जुन्या, पितळ थकलेलं. अण्णा घासायचे, बसवायचे, भाता मारायचे, लाट तशीच. साडेनऊला फोन थरथरला.

“दिगंबरराव, तुमची नाडी फार वेगानं आणि अनियमित पडते आहे. खाली बसा. साठ सेकंदांत उत्तर मिळालं नाही तर मदत मागवतो.”

अण्णा बसलेलेच होते. त्यांनी डाव्या हातानं ‘मी ठीक आहे’ दाबलं.

दोन मिनिटांनी फोन पुन्हा थरथरला. तेच शब्द, आवाज थोडा मोठा. अण्णांना या वेळी नंदा आठवली. घाटाच्या पायऱ्या चढत असेल, त्यांच्या मनात आलं. संध्याकाळी तिला सांगायचं, उद्यापासून पायऱ्या बंद. त्यांनी पुन्हा ‘मी ठीक आहे’ दाबलं आणि पट्टीच्या टोकावर कानस फिरवली.

तिसऱ्या वेळी इशारा आलाच नाही. एक साधा निरोप आला, “मनगटी हातातून काढलेली दिसते.”

नाडी सापडली नाही की यंत्राला दोनच गोष्टी सुचतात, आणि त्यातली पट्टा काढला ही जास्त घडणारी. अण्णांनाही तेच सुचलं. हातपाय धुवायला काढली असेल, बरं झालं, आता हा गप्प तरी बसेल. त्यांनी भाता मारला. पंचम सरळ लागला, लाट मोडली. त्यांना इतकं बरं वाटलं की तो सूर त्यांनी उगाच मिनिटभर धरून ठेवला.

दहा वाजून पाच मिनिटांनी घाटावरच्या हारवाल्या शेवंताबाईंचा फोन आला. “अण्णा, काकू बाकड्यावर बसल्यात. मघापास्नं हाका मारतेय, बोलंनात ओ. तुम्ही या बघा लगेच.”

अण्णा धावले. छातीत स्टेंट असलेला, सहासष्ट वर्षांचा, कधीही न चालणारा तो माणूस सोमवार पेठेतून संगमापर्यंत अनवाणी धावला. नंदा नदीकडे तोंड करून बसली होती. पिशवी मांडीवर होती, मान थोडी कलली होती. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं, बाई वारा खात बसल्यात. पट्टा तिच्या हातातच होता.

दवाखान्यात एका तरुण डॉक्टरनं शर्थ केली. बाहेर येऊन तो म्हणाला, “हृदयाचा ताल सुटला होता. आणेपर्यंत फार वेळ गेला होता. थोडं आधी कळलं असतं तर…” अण्णांचा चेहरा बघून त्यानं ते वाक्य अर्ध्यावरच सोडलं.

सिस्टरनं एक पुडकं आणून दिलं. मंगळसूत्र, सहा बांगड्या आणि मनगटी. अण्णांनी मनगटी खिशात टाकली, घरी जाताना दुकानात शिरले आणि सुट्या पितळी पट्ट्यांच्या खणात तळाशी ठेवून दिली. संध्याकाळी ऋतुजा पोचली. आईच्या पायाशी बसून रडून झाल्यावर तिनं वडिलांचा हात धरला आणि म्हणाली, “पप्पा, आता तुम्ही सांभाळा स्वतःला. मला दुसरं कोण आहे?” अण्णांनी मान हलवली. त्यांना तेव्हाच सांगायचं होतं. सांगितलं नाही.

दिवस झाले. तेराव्याला जेवणावळ उठली, पाहुणे गेले. चौदाव्या दिवशी सकाळी ऋतुजा बॅग भरत होती. भरता भरता थांबली. “पप्पा, मनगटी कुठंय? चौदा दिवस काहीच दिसत नाहीये मला.”

“राहू दे गं ते.”

“नाही राहू द्यायचं. आई गेली, आता तुम्हाला काही झालं तर मी काय करू?” ती स्वतःच दुकानात गेली, दोन-चार खण उघडले, मनगटी शोधून आणली आणि चार्ज करून त्यांच्या हातात बांधली. हिरवा दिवा लुकलुकला.

“पुन्हा भेटून आनंद झाला, दिगंबरराव,” मास्तर म्हणाला. काही मिनिटं तो मोजत राहिला. मग म्हणाला, “अभिनंदन. मागे महिनाभर तुमच्या नाडीत जी अनियमितता दिसत होती, ती आता पूर्ण थांबली आहे. ही फार चांगली सुधारणा आहे. तुमच्या आयुष्यात नेमकं काय बदललं?”

ऋतुजाच्या रडून सुजलेल्या चेहऱ्यावर चौदा दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. “बघा पप्पा! निदान एक तरी…”

अण्णांना ते हसू बघवलं नाही. “ऋतू, बस इथं,” ते म्हणाले. “याला ती परवानगी द्यायची आहे. कोण घालतंय ते ओळखायची. कुठं असते बघ.”

“आता कशाला?”

“दे. मग सांगतो.”

तिनं शोधून दिली. अण्णांनी आपल्या बोटानं हो दाबलं. मास्तरनं मागच्या दहा महिन्यांच्या नाड्या काढल्या आणि दोन मनगटं वेगळी केली. त्याला पाव मिनिटसुद्धा लागलं नाही. पडद्यावर दोन रकाने आले. पहिल्याच्या डोक्यावर दिगंबर लिहिलं होतं, दुसऱ्याच्या डोक्यावर मोकळी जागा होती.

“दुसऱ्या व्यक्तीचं नाव सांगाल का?” मास्तरनं विचारलं.

अण्णांनी तिला आयुष्यभर ‘अगं’ म्हणून हाक मारली होती. “नंदा,” ते म्हणाले.

ऋतुजा वाचत गेली. दिगंबर, दिवसाला सरासरी अकराशे पावलं, नाडी उत्तम. नंदा, सरासरी सहा हजार चारशे. चुकलेले ठोके, लागोपाठ पडलेले ठोके, धोक्याचे इशारे, सगळे नंदाच्या खाली. वाचता वाचता ती वाचायची थांबली आणि नुसतंच बघत राहिली. त्याखाली घाटावर विचारलेले प्रश्न तारखांसकट होते. दम लागतोय का? नाही. चक्कर येतेय का? नाही. छातीत जड वाटतंय का? नाही. असे एकवीस दिवस. शेवटचा दिवस गणपतीच्या चार दिवस आधीचा, नऊ वाजून सव्वीस मिनिटं. छातीत जड वाटतंय का? नाही.

“ती का नाही म्हणाली?” ऋतुजानं लहान मुलीसारखं विचारलं. “तिला होत होतं ना? मग ती का नाही म्हणाली, पप्पा?”

“ती माझ्या वतीनं सांगत होती गं. विचारणारा दिगंबरराव म्हणून विचारत होता. मला कुठं होत होतं काही?”

ऋतुजानं तोंडावर हात दाबला. मग तो काढून ती पुटपुटली, “मीच सांगितलं होतं तुम्हाला. आधी नाही म्हणायचं म्हणून.”

“तुझं बरोबरच होतं. तू लपायला सांगितलं नव्हतंस. लपलो मी.”

तिची नजर पुन्हा पडद्यावर गेली. सगळ्यात खाली दोन ओळी उरल्या होत्या. मदत मागवू का? उत्तर, मी ठीक आहे. मदत मागवू का? उत्तर, मी ठीक आहे. समोर वेळ होती, नऊ एकतीस आणि नऊ तेहतीस.

“हे कुणी दाबलं? आईनं?”

“नाही. हे फोनवर येतं.” अण्णांनी तिच्याकडे बघितलं. यातून सुटायला जागा नव्हती आणि त्यांना सुटायचंही नव्हतं. “मी दाबलं. दोन्ही वेळा. मी ठीकच होतो गं, ऋतू. मी अगदी ठीक होतो.”

ऋतुजा ओरडली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि आईच्या डब्यांच्या फळीपुढं उभी राहून हमसून हमसून रडली. अण्णा दारापर्यंत गेले, पण तिच्या पाठीवर हात ठेवायचा अधिकार आपल्याला आहे का, हे त्यांना ठरवता आलं नाही. दुपारच्या गाडीनं ती गेली. जाताना वाकून नमस्कार केला, तो सवयीनं.

आता ती दर रविवारी फोन करते. जेवलात का विचारते, औषध घेतलं का विचारते. पावलांचं काढत नाही. तिनं आपल्या फोनवरून त्यांची नाडी आणि पावलं बंद करून टाकली आहेत, हे मास्तरनंच त्यांना एकदा सांगितलं.

आणि अण्णा चालतात. रोज सकाळी, पट्टा स्वतःच्या हातात बांधून. मंडई, तिथून बँकेचा कोपरा, घाटाच्या पायऱ्या, बागेच्या दोन फेऱ्या. सहा हजार चारशे भरेपर्यंत. दुकान दहाला उघडतं. लोक म्हणतात, बायको गेल्यावर अण्णा तब्येतीला लई जपायला लागले. शेवंताबाई त्यांना बघून हारांमध्ये मान घालतात.

चालून झालं की अण्णा त्याच बाकड्यावर नदीकडे तोंड करून बसतात. एका सकाळी मास्तरनं नेहमीच्या अदबीनं विचारलं, “दिगंबरराव, दम लागतोय का?” अण्णांनी नाही दाबलं. “चक्कर येतेय का?” नाही. “छातीत जड वाटतंय का?”

अण्णांनी त्या प्रश्नाकडे बराच वेळ बघितलं. मग हो दाबलं.

हिरवा दिवा झपाझप लुकलुकायला लागला. मास्तरनं ठोके मोजले, त्यांच्यातली अंतरं मोजली, कालच्याशी आणि परवाच्याशी ताडून बघितली.

“पुन्हा पुन्हा तपासलं,” तो म्हणाला. “काळजीचं काही नाही, दिगंबरराव. तुम्ही ठीक आहात.”